पानाला लावलेली तीट

फोन उचलला की माणूस काहीतरी बोलतो. हॅलो म्हणतो, बोला म्हणतो, निदान खाकरतो तरी. चाचा यातलं काहीच करत नसत. फोन कानाला लावायचे आणि गप्प बसायचे. पलीकडचा 'हॅलो, हॅलो' करून घसा कोरडा करायचा, मग वैतागून स्वतःचं नाव सांगायचा, काम सांगायचा, आणि ते सगळं ऐकून झाल्यावर इकडून आवाज निघायचा, "हां, बोल." नवी गिऱ्हाइकं तर लाइन खराब आहे समजून फोन ठेवून द्यायची.

"ठेवू दे," चाचा म्हणायचे. "काम असेल तो परत करील. ज्याला नुसता माझा आवाज ऐकायचाय त्याला मी कशाला ऐकवू?"

चाचांचा आवाज चोरून कोणाला काय मिळणार होतं, ते मला कधी कळलं नाही.

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ, एका औषधांच्या दुकानाच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मालक चाचा, कामाला आम्ही तिघं. जुन्या, जड झालेल्या वेबसाइट हलक्या करून द्यायच्या, हा धंदा. कोणाचं पान उघडता उघडता मोबाइल तापायचा, कोणाचं फक्त कॉम्प्युटरवर दिसायचं आणि मोबाइलवर अर्धं बाहेर लोंबायचं. तसली पानं आम्ही पुन्हा लिहायचो, आजच्या स्टँडर्डात बसवायचो. ऐकायला सोपं वाटतं. चाचांच्या हाताखाली ते सोपं नव्हतं.

चाचा जयगडचे. घरातले सगळे पुरुष बोटीवर, तसे हेही गेले. मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. पुढे उपग्रह आले, जहाजाला रेडिओ ऑफिसर लागेनासा झाला आणि चाचा ऐन उमेदीत घरी परतले. "एक दिवस खुर्चीच उचलून नेली गो," यापलीकडे त्यावर बोलत नसत. मग कॉम्प्युटर शिकले, पण रेडिओच्या खोलीतून काही बाहेर आले नाहीत. ऑफिसच्या भिंतीवर त्या खोलीतलं घड्याळ होतं. त्याच्या तबकडीवर मधे मधे लाल पाचरी रंगवलेल्या. काटा लाल पाचरीत आला की सगळ्या जहाजांनी बोलणं बंद करून नुसतं ऐकायचं, कुठे कोणी बुडत असेल तर त्याची हाक कानावर यावी म्हणून, अशी पूर्वीची रीत. दर्यावरून ती गेली, आमच्या ऑफिसातून गेली नाही. काटा लालमध्ये आला की आम्ही कीबोर्डवरचे हात काढायचे. गिऱ्हाईक बोलत असेल तर चाचा त्याच्या तोंडासमोर तळहात धरायचे. एका रिसॉर्टवाल्याने मला हळूच विचारलं होतं, "यांना झटका येतो का हो?"

मी देवरूखच्या पुढच्या एका गावातली. डिग्री घेऊन मुलाखतीला आले, तर चाचांनी माझी गुणपत्रिका उलटी करून मागची कोरी बाजू उजेडात धरून बघितली. मग एका हॉटेलची वेबसाइट उघडायला लावली.

"आता सांग, कोण कोण बोललं?"

मला वाटलं, वेडा आहे माणूस. पण त्यांनी ब्राउझरची ती खिडकी उघडून दाखवली. पान उघडताना कुठून कुठून काय मागवतं, त्याची यादी सरसर खाली येत होती. हॉटेलच्या नावाच्या ओळी थोड्या. बाकी सगळ्या भलत्यांच्या: जाहिरातवाले, मोजणीवाले, नाव ना गाव असलेले.

"खोली बघायला आलो आपण. खोली हाटेलवाल्याची. मग ही बाकीची मंडळी दाराला कान लावून का हुबी?"

अशा परक्या स्क्रिप्टना ऑफिसात एकच नाव होतं, चहाडखोर. "आधी चहाडखोर काढ, मग फोटो हलके कर," हा पहिला नियम. आणि खरं सांगायचं तर निम्मा जडपणा तिथेच संपायचा. चाचांच्या संशयाला असं अधूनमधून यश यायचं आणि त्यामुळेच तो बळावत जायचा. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी होती. चहा घरून थर्मासमधून यायचा, खालच्या टपरीवरचा कधी नाही, आणि थर्मासचं झाकण ते जाताना खिशात घालून न्यायचे. माझ्यावर तर कायमचा वहीम, की ही शिकून झालं की पुण्याला उडणार. रजा मागितली की, "मुलाखत?"

"चुलत बहिणीचं लग्न आहे चाचा."

"पत्रिका दाखव."

मी पत्रिका आणून दाखवली. त्यांनी तारीख तर बघितलीच, छापखान्याचं नावही वाचलं.

पानाचा वेग मोजायची त्यांची रीत न्यारी होती. यंत्राने दिलेले आकडे त्यांना पटायचे नाहीत. "यंत्र ऑफिसात बसून मोजतं. गिऱ्हाईक काय ऑफिसात बसलाय?" संध्याकाळी जयगडच्या एसटीत बसले की जुना मोबाइल काढायचे. वाटेत चाफे गावाच्या पुढे रेंज येते-जाते. तिथे गाडी वळणाला लागली की पान उघडायला लावायचे आणि वळण संपायच्या आत उघडलं तर पास. त्यामुळे आमच्याकडे सेकंद नव्हतेच, वळणं होती. "हे पान तीन वळणांचं आहे, गिऱ्हाईक घरी पोचला" असं म्हटलं की समजायचं, आज सगळे फोटो पुन्हा करायचे.

तो झटक्याचं विचारणारा रिसॉर्टवाला एकदा पहिल्या पानावरून भांडायला आला. त्याला आपोआप सरकणारे समुद्राचे मोठे मोठे फोटो हवे होते आणि मागे बासरी. चाचांनी एकच फोटो ठेवला होता, आणि बासरी काढली होती.

"अहो, आत्ता कसं वाटतं ते सरकारी नोटीस लावल्यासारखं!"

"उघडतं ना?"

"उघडतं, पण..."

"आधी उघडत नव्हतं. तेव्हा तू बासरी कोणाला ऐकवत होतास?"

रिसॉर्टवाला तणतणत गेला. तो गेल्यावर चाचा म्हणाले, "बासरीच्या फायलीत काय होतं ते बघायला पायजे." मी बघितली. बासरीच होती. चाचांचा चेहरा पडला.

आता तिटेचं सांगते. काम पुरं झालं की पान व्हॅलिडेटरला द्यायचं. कोडमध्ये कुठे स्टँडर्ड मोडलंय ते तो सांगतो. आम्ही मरमर करून सगळ्या चुका काढायचो, आणि शेवटी चाचा माझ्या खुर्चीत बसून स्वतःच्या हाताने एक चूक घालायचे. कुठल्याही स्टँडर्डमध्ये नसलेला एक शब्द, कुठल्या तरी टॅगमध्ये. पान दिसायला, चालायला त्याने काही फरक पडायचा नाही, पण व्हॅलिडेटर एक लाल ओळ दाखवायचाच. मला ती ओळ डोळ्यांत खुपायची. एवढं घासूनपुसून ठेवलेलं भांडं आणि त्याला मुद्दाम काजळी.

"तीट लावताय का नजर लागू नये म्हणून?" मी एकदा चिडून म्हटलं.

"नजर नाय, खूण. पान चोरलंन कोणी, तर कोणाकडचं चोरलंन ते कळायला नको? दर गिऱ्हाइकाला शब्द वेगळा." मग थोडं हसून म्हणाले, "पण तू तीट म्हण. बरं आहे."

तेव्हापासून त्या चुकीचं नाव तीट पडलं. कोणाचा शब्द कोणता, ते फक्त त्यांच्या डोक्यात. आम्हाला सांगायचे नाहीत, अर्थातच. पानाच्या भागांना मात्र ते उघडउघड बोटीची नावं द्यायचे. वरचा पट्टा म्हणजे नाळ, बोटीचं पुढचं टोक; मेन्यू म्हणजे सुकाणू, सर्वांत खालचा भाग नांगर. रोमन लिपीत लिहिलेली ही नावं मी झोपेतही ओळखली असती.

एवढ्या संशयी माणसाचा एका माणसावर मात्र आंधळा विश्वास होता. जहाजावरचा जोडीदार. हे रेडिओच्या खोलीत, तो इंजिनात. वर्षानुवर्षं एकाच जहाजावर काढलेली. तो आला की चाचा थर्मासचं झाकण स्वतः खिशातून काढून त्यात त्याला चहा ओतून द्यायचे. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहायचो. त्याला वेबसाइट हवी होती, बोटींना लागणारं सामान पुरवायचा धंदा काढतो म्हणाला. चाचांनी तिला आम्हाला हातही लावू दिला नाही. सगळी स्वतः लिहिली. अर्ध्या वळणाचं पान. मी इतकं स्वच्छ पान दुसरं पाहिलेलं नाही. जोडीदाराने बघितली, लिंक पाठव म्हणाला, घरी दाखवतो. मग फोन करून म्हणाला, "फारच साधी वाटते रे. राहू दे." चाचा नाराज झाले असतील, पण त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. ते पान तसंच पडून राहिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या भावाचं ठरलं. धाकटा. जहाजावर जायचं म्हणून कोर्स करून बसलेला, खलाशाचं ओळखपुस्तक काढलेलं, पण जहाज मिळेना. गावातली पोरं विचारायची, "काय कॅप्टन, बोट अजून लागली नाय?" तो हसायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. शेवटी एका कंपनीने त्याला घेतला. एसटी स्टँडजवळच्या एका खोलीत जाऊन तो पासपोर्ट आणि ओळखपुस्तक देऊनही आला. पुढच्या आठवड्यात मुंबईहून विमान, दुबईला जहाज. आईने बरोबर द्यायला कुळथाचं पीठ दळून आणलं होतं.

"ताई, त्यांची वेबसाइट बघ," तो फोनवर म्हणाला. "तुझ्या चाचांना आवडेल अशी आहे. बोट लावलं की उघडते."

मी उघडली. खरंच, बोट लावलं की उघडली. एकही चहाडखोर नाही. वेग मोजायचं यंत्र वरपासून खालपर्यंत हिरवं. मला बरं वाटलं. इतकं नीट काम करून घेणारी कंपनी माणसंही नीट ठेवत असेल, असं मला वाटलं. माणसाचं डोकं कसं चालतं बघा. मग सवयीने व्हॅलिडेटरला दिली. एकच चूक. रोमन चार अक्षरं, ज्यांचा काही अर्थ लागत नाही.

वरून रंग, फोटो, मजकूर सगळं अनोळखी होतं. मी कोड उघडला. नाळ. सुकाणू. नांगर.

 हे पान चाचांनी केलं होतं आणि आम्हाला सांगितलं नव्हतं. मग एकेक गोष्ट आपली आपण जुळत गेली. जयगडचा माणूस, जहाजांवरच्या ओळखी, फोनवर आधी बोलत नाही, कॅमेऱ्याला पट्टी, कोणाला काही कळू देत नाही. प्रामाणिक माणसाला एवढं झाकायचं काय असतं? मी भावाला म्हटलं, पासपोर्ट परत आण. तो गेला, तर खोलीला कुलूप. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर वाजत होता, उचलत कोणी नव्हतं. भाऊ म्हणाला, जेवायला गेले असतील.  संशय घ्यायला चाचांनीच शिकवलं होतं, तो मी त्यांच्यावरच घेतला, आणि आज तशी वेळ आली तर पुन्हा घेईन.

सकाळी ऑफिसात गेले, लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि गप्प बसले. त्यांचीच रीत. आधी बोलेल तो फसेल.

त्यांनी पान बघितलं. वर गेले, खाली आले. भावाला मिळणार होतं त्या जहाजाचा फोटो होता, तिथे थांबले. घड्याळाचा काटा लालमध्ये नव्हता, तरी त्यांनी माझ्यासमोर तळहात धरला. बराच वेळ तो हात तसाच होता.

"ही बोट नाय आहे," शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"भंगारात गेली, कधीच. नाव बदललंन फोटोत. मी होतो हिच्यावर." मग कोड उघडून ती चार अक्षरं बघितली. "आणि ही हिची हाक. रेडिओवर हिला ह्या नावाने बोलवायचे. रेडिओवाल्याशिवाय कोण लक्षात ठेवतो? हे पान मी कोणाला दिलेलं नाय गो. दाखवलं होतं. एकालाच."

मला त्यांचा चेहरा बघवेना. तरी मी विचारलं, "नक्की तुम्ही दिलं नाही?"

"विचार," ते म्हणाले. "विचारलंच पायजे." आणि भावाचा पासपोर्ट तिथे आहे हे मी सांगितल्याबरोबर छत्री उचलून जिना उतरायला लागले.

पोलीस स्टेशनात एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही चार अक्षरं तुम्हीच काल घातली नाहीत कशावरून?" चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई हुशार आहे." मग जोडीदाराला पाठवलेली लिंकची जुनी मेल काढून दाखवली, ते पडून राहिलेलं पान आणि चोरलेलं पान शेजारी शेजारी ठेवली. कंपनीच्या वेबसाइटवर मालकाचं नाव नव्हतं, स्टँडजवळच्या खोलीत पासपोर्ट घेणाऱ्या पोराने मालकाला कधी पाहिलेलं नव्हतं, तसं तो भावाला म्हणाला होता. नाव होतं ते फक्त त्या तिटेत. बाईंनी विचारलं, "नाव काय त्यांचं?" चाचांनी नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. 

जोडीदाराच्या ब्लॉकमध्ये तांदळाच्या डब्यात पासपोर्ट सापडले. भावाचा, आणि जयगडपासून आंजर्ल्यापर्यंतच्या कितीतरी पोरांचे. भाऊ माझ्याशी महिनाभर नीट बोलला नाही. जहाज नव्हतंच, हे त्याला पटत होतं आणि तरी पटत नव्हतं. आता जयगडच्या बंदरात टगवर, जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, आहे. कुळथाच्या पिठाची पिठी आम्ही घरीच खाल्ली.

पोलिसांत जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात चाचांचा फोन वाजला. त्यांनी जोडीदाराचं नाव बघितलं, फोन कानाला लावला आणि मी तिथे आल्यापासून पहिल्यांदाच ते आधी बोलले.

"होय. मीच सांगितलं."

फोन ठेवला. थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला, आणि तो तसाच निवत राहिला.

मला गप्प बसवेना. "चाचा, तुमचा त्याच्यावर एवढा विश्वास होता, मग त्याच्या पानाला तीट कशाला लावलीत?"

"तूच म्हणालीस ना तीट?" ते म्हणाले. "तीट काय चोराला लावतात? आपल्या पोराला लावतात. आमची बोट होती ती, म्हणून घातली." मग घड्याळाकडे बघितलं. काटा लालमध्ये येत होता. आम्ही कीबोर्डवरून हात काढले.

पुढे वर्षभराने मला पुण्याला नोकरी मिळाली. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "म्हटलं नव्हतं?" आपला अंदाज खरा ठरल्याचा एवढा आनंद मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. पण मुलाखतीच्या आधी माझं स्वतःचं पान त्यांनीच तपासून दिलं होतं. माझी कामं, ओळख, फोटो, सगळं साध्या एका पानात. "नोकरी मागायला जातेस नि स्वतःचं पान जड?" असं म्हणून दुपारभर माझ्या खुर्चीत बसले होते.

ते पान मी नंतर उघडून बघितलंही नाही. गेल्या महिन्यात आमच्या टीमच्या मुख्याने गंमत म्हणून सगळ्यांची पानं व्हॅलिडेटरला दिली. माझ्यात एक चूक निघाली. सगळे हसले, कारण चुका काढण्यात माझं नाव खराब आहे. स्टँडर्डमध्ये नसलेला एक शब्द. रोमन दोन अक्षरं, जी आणि ओ.

"जा?" मुख्य म्हणाला. "कोणाला जा म्हणतेस?"

मलाही आधी तेच वाटलं. शिकून झालं, आता उड. चाचांनी शेवटपर्यंत टोमणा मारायचं सोडलं नाही, असं म्हणून मी ती ओळ काढायला गेले, आणि हात थांबला. चाचा माझ्याशी इंग्रजीत कधी बोलले होते?

चाचांनी ऑफिस आता बंद केलंय, ते जयगडलाच असतात. मी संध्याकाळी फोन लावला. पलीकडे फोन उचलला गेला आणि नेहमीप्रमाणे कोणी काही बोललं नाही. खाडीवरचा वारा तेवढा ऐकू येत होता. मला विचारायचं होतं ते दोन अक्षरांचं होतं, पण मीही गप्प राहिले. इतका वेळ, की मला वाटलं लाइन गेली.

शेवटी तेच आधी बोलले.

"काय गो?"